कडप्प्यावरची कानबाई

धुळ्यात जुन्या गिरणीच्या मागे कामगारांसाठी बांधलेल्या घरांची एक ओळ आहे. एकाच्या भिंतीला दुसऱ्याची भिंत, पुढे बसण्यापुरता ओटा, मग एक खोली, तिच्यामागे स्वयंपाकघर आणि बाजूच्या दाराने बाहेर पडलं की मोरी व दोरीवर कपडे वाळत घालण्यापुरतं परस. त्या ओळीतलं एक घर प्रेमराजने गिरणीतून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्याकडून घेतलं. तेव्हा भिंतींना छातीपर्यंत गडद हिरवा तेलरंग होता आणि भर दुपारीही स्वयंपाकघरात दिवा लावल्याशिवाय तांदळातला खडा दिसत नव्हता.

प्रेमराजच्या बायकोने, सारिकाने, पहिल्याच आठवड्यात तो हिरवा रंग खरवडायला घेतला.

सारिका मूळची अमळनेरची. घरी ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची. प्रेमराज एमआयडीसीतल्या तेलाच्या कारखान्यात फिटर होता. हाताला कसब दोघांच्याही होतं, पण कोणती वस्तू कुठे जावी हे सारिकाला दिसायचं आणि ती तिथे कशी बसवावी हे प्रेमराजला कळायचं. भिंतींना तिने हळदीत दूध पडावं तसा फिका पिवळा रंग लावला. बंद पडलेल्या एका सलूनमधला मोठा आरसा प्रेमराजने सायकलवर बांधून आणला, तो खिडकीसमोर लागला आणि खोलीत जणू दुसरी खिडकी उघडली. पत्र्याखाली तिने जुन्या सुती साड्यांचं छत शिवून ताणलं, त्यामुळे उन्हाळ्यात पत्रा तापला तरी डोक्यावर आग बरसेनाशी झाली. डिंपलला, त्यांच्या मुलीला, अभ्यासासाठी टेबल हवं होतं. प्रेमराजने भिंतीला बिजागऱ्यांवर एक फळी लावून दिली. अभ्यास झाला की ती फळी भिंतीला चिकटून जायची आणि तिच्या मागच्या बाजूला सारिकाने रंगवलेला मोर समोर यायचा.

संध्याकाळी सारिका दार सताड उघडं ठेवायची. रस्त्याने जाणाऱ्याने आत डोकावून पाहिलं तर तिला बरं वाटायचं. ओळीतल्या बायका आधी नुसत्या बघायला यायच्या, नंतर आपापल्या नवऱ्यांना घेऊन यायला लागल्या, फळी कशी लावली ते दाखवायला.

फक्त सासरची माणसं यायची नाहीत.

प्रेमराजचं गाव पिंपळनेर. तिथली भाऊबंदकी मोठी. दवाखाना, कोर्ट, लग्नाचा बस्ता, कशासाठी ना कशासाठी कुणीतरी धुळ्याला येतच असायचं. पण उतरायचं ते रतिलालनानांकडे. रतिलाल हा प्रेमराजचा चुलतभाऊ, वयाने मोठा, बांधकामाची कामं घेणारा. त्याचा बंगला होता, त्यात हॉल होता, वर पाहुण्यांसाठी वेगळी खोली होती. रतिलाल मनाने चांगला माणूस, येणाऱ्याला कधी नाही म्हणायचा नाही. गावाकडची माणसं सारिकाकडेही यायची, पण ओट्यावर बसून चहा प्यायची आणि उठायची. जेवायला थांबा म्हटलं की एकच उत्तर असायचं, उगाच तुमची अडचण कशाला. एका लग्नात तिची मोठी जाऊ सुंदरबाई चार बायकांत म्हणाली होती, की सारिकाच्या घरात पाय लांब केला तर तो शेजाऱ्याच्या घरात जातो. सगळ्या हसल्या. सारिकाही हसली. घरी आल्यावर मात्र तिने त्या दिवशी नेसलेली पैठणी घडीसुद्धा न करता पेटीत टाकली आणि पुढे कित्येक लग्नांत ती बाहेर काढली नाही.

आणि मग एका वर्षी प्रेमराजच्या मोठ्या भावाने, निंबाभाऊने, पिंपळनेरचं घर पाडून नवं बांधायला काढलं.

घर पाडलं ते चैत्रात. आषाढ लागला तरी भिंती खिडकीच्या वर सरकल्या नव्हत्या आणि निंबाभाऊचा सगळा प्रपंच शेतातल्या शेडमध्ये होता. तेवढ्यात कानबाई येऊन ठेपली. खान्देशातल्या माणसाला कानबाईचं वेगळं सांगावं लागत नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी घरी बसते, नारळाच्या रूपात, नथ घालून, नवं लुगडं नेसून. रोटाचे, म्हणजे तिच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मुठीने मोजून घेतात. सगळी भाऊबंदकी एका छपराखाली जमते, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत देवीला नदीवर नेतात. पोरं पुण्याला असोत की सुरतेला, दिवाळीला एक वेळ येणार नाहीत, पण कानबाईला येतात. या घराण्याची कानबाई निंबाभाऊच्या घरी बसायची. त्याआधी त्याच घरात त्याच्या आजोबांच्या काळी बसायची. आता ते घरच नव्हतं.

शेतातल्या शेडसमोर बाजा टाकून सगळे बसले. रतिलाल धुळ्याहून गाडी घेऊन आला होता. त्याने बंगल्याचं नाव काढायच्या आतच बाकीच्यांनी ते काढलं. हॉल आहे, गच्ची आहे, गाड्या लावायला जागा आहे. निंबाभाऊने मान डोलावली. बायकांत चहाची कपबशी फिरत होती. सासू भिकुबाई एका बाजेवर पाय वर घेऊन बसली होती.

सारिका बायकांच्या मागे उभी होती. तिने काही ठरवून ठेवलेलं नव्हतं. पण बंगल्याचं नक्की होतंय हे दिसलं आणि ती पुढे येऊन सासूसमोर बसली.

"माय," ती म्हणाली, "कानबाई औंदा मन्हा घर बसू द्या."

मग निंबाभाऊने सावकाश, तिला वाईट वाटू नये अशा बेताने, विचारलं की आपण माणसं किती आहोत हे तिला ठाऊक आहे ना. ती म्हणाली, ठाऊक आहे. सुंदरबाईने पदर तोंडाला लावला. प्रेमराज पुरुषांच्या बाजेवर होता, तो आपल्या चपलेकडे बघत राहिला.

भिकुबाईने फक्त एक विचारलं. "मनपासून बोलस का तू?"

"हां माय. मनपासून."

"मंग ठरी गयं," म्हातारी म्हणाली आणि तिने कपबशी खाली ठेवली.

परतीच्या एसटीत साक्रीला प्रेमराजने तिच्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाला, निदान मला विचारायचं तरी होतंस. सारिका म्हणाली, विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. त्यावर त्याने जरा विचार केला आणि ते खरं आहे असं कबूल केलं. धुळं येईतो दोघंही आपापल्या परीने त्या खोलीत माणसं बसवून बघत होते.

खोलीत ती माणसं मावत नव्हती. देवीसाठी एक कोपरा धरला, त्यात चौरंग, मखर, केळीचे खुंट आणि पुढे पूजेपुरती जागा सोडली, की अर्धी खोली तिथेच संपायची. सारिकाने फरशीवर खडूने रेघा मारून पाहिल्या. या कोपऱ्यात, त्या कोपऱ्यात, खिडकीखाली. दिवाण बाहेर काढून, मशीन बाहेर काढून. उरलेल्या जागेत पंधरा-वीस माणसं बसली असती आणि येणार होती त्याच्या दुप्पट-तिप्पट. प्रेमराज म्हणाला की बाकीचे ओट्यावर आणि रस्त्यावर मांडव घालून बसतील. मांडव तिला नको होता. बाहेर बसवलेला माणूस म्हणजे पुन्हा ओट्यावर चहा प्यायलेला माणूस.

मार्ग सापडला तो पडदे धुवायच्या दिवशी. खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दाराला सारिकाने जाड पडदा लावला होता. घराचं पुढचं दार आणि हे मधलं दार एका रेषेत होते, त्यामुळे रस्त्यावरून थेट स्वयंपाकघरातला कडप्पा दिसायचा, त्यावरची खरकटी भांडी दिसायची, आणि ते तिला कधीच आवडलं नव्हतं. त्या दिवशी पडदा दोरीवर होता. ती समोरच्या घरी धुरपदाबाईकडे शिवलेले ब्लाउज द्यायला गेली आणि तिथल्या पायरीवर बसून सहज स्वतःच्या घराकडे बघू लागली. दोन दारांतून, एकात एक बसवलेल्या चौकटींतून, तो काळा कडप्पा समोर दिसत होता. कमरेएवढा उंच, अख्ख्या भिंतीभर लांब. खोलीतून दिसणार, ओट्यावरून दिसणार, रस्त्यापलीकडच्या या पायरीवरूनही दिसत होता.

धुरपदाबाई काहीतरी बोलत होती. सारिकाने ते ऐकलं नाही. ती उठून घरी आली, कडप्प्यावरचा गॅस उचलून खाली ठेवला आणि तिथे पितळी परात मांडली. मग पुन्हा रस्ता ओलांडून जाऊन पाहिलं.

त्या दिवसापासून काम सुरू झालं. देवी मागच्या भिंतीला, कडप्प्यावर बसणार. मग खोली सगळी माणसांची आणि स्वयंपाकघराची फरशीसुद्धा माणसांचीच. स्वयंपाक परसात, वर ताडपत्री ताणून, आणि पुरणाचं काम धुरपदाबाईच्या गॅसवर. धुरपदाबाई एकटी राहायची, तिला या गर्दीचा आनंदच होता. तिने आपलं अख्खं घर भांडी-कुंडी आणि शिलाई मशीन ठेवायला दिलं. प्रेमराजने मधल्या दाराची झडप बिजागरीतून काढली, दिवाण खोलून त्याच्या फळ्या परसात स्वयंपाकाला बसायला टाकल्या. माणसं येतात तेव्हा जागा खातात त्या त्यांच्या पिशव्या, हे सारिकाला माहीत होतं. तिने जुन्या चादरीवर ओळीने मोठे खिसे शिवले आणि ती चादर भिंतीला वर टांगली, म्हणजे पिशवी, पर्स, बाळाचे कपडे, सगळं वर. तान्ह्या बाळांसाठी छताच्या अँगलला दोन झोळ्या बांधल्या, बसलेल्यांच्या डोक्याच्या वर झुलतील अशा.

एक गोष्ट राहत होती. खोलीच्या दोन्ही बाजूंना बसणाऱ्यांना मधल्या दारातून देवी दिसणार नव्हती, त्यांना भिंतच दिसणार होती. सलूनचा आरसा उतरवून सारिकाने तो कुठेकुठे धरून पाहिला. शेवटी पुढच्या दाराशेजारच्या भिंतीला, जरा तिरका, अशी जागा मिळाली की खोलीच्या उजव्या कोपऱ्यात बसलेल्यालाही कडप्पा आरशात दिसायचा. डाव्या कोपऱ्यासाठी धुरपदाबाईच्या कपाटाचा आरसा काढून आणला. प्रेमराज आळीपाळीने दोन्ही कोपऱ्यांत बसून हात वर करत होता, दिसतंय, अजून थोडं इकडे, दिसतंय.

मखर तिने स्वतः शिवलं. वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांच्या साड्यांचे कापून उरलेले जरीचे काठ तिच्याकडे साठले होते, लाल, हिरवे, मोरपंखी. ते उभे जोडून तिने भिंतभर पडदा केला. यावलला दिलेल्या तिच्या मावसबहिणीने केळीचे खुंट आणि पानं एसटीने पाठवली. शनिवारी संध्याकाळी काळ्या कडप्प्यावर पांढरी रांगोळी घालून झाली, तेव्हा सारिका बराच वेळ मधल्या दारात उभी राहिली. आता कुणी काहीही म्हटलं तरी हे घर कमी पडणार नाही, असं तिला अगदी आतून वाटलं.

रविवारी दुपारी पिंपळनेरहून टेम्पो आणि दोन जीपगाड्या आल्या. सुरतेची माणसं सकाळीच आली होती, ती रतिलालकडे उतरली होती आणि त्याच्याबरोबर चालत आली. पुढे सुंदरबाई होती. दोन्ही हातांत, लाल कापडात गुंडाळलेला कानबाईचा नारळ. ती ओटा चढून आत आली, खोलीत थांबली, समोर बघितलं आणि जागच्या जागी उभी राहिली.

"हाई काय शे? चुल्हानी जागावर देवी?"

सारिका म्हणाली की अक्का, चूल परसात आहे, ही जागा तीन वेळा धुतली आहे, इथून देवी सगळ्यांना दिसेल. सुंदरबाईला ते पटलं नाही. तिच्या सासूने, तिच्या आजेसासूने कानबाई देवघरासमोर पाटावर बसवली होती. खरकट्याच्या जागी देवी बसवून उद्या कुणाला काही झालं तर कोण जबाबदार, असं ती म्हणाली. तिच्या मागे आत शिरलेल्या बायका तिथेच खोळंबल्या. कुणी सारिकाकडे बघत होतं, कुणी छताकडे.

त्याच वेळी पाऊस आला. भुरभुर नव्हे, चांगला जोराचा. ओट्यावरची, रस्त्यावरची माणसं जिथे आडोसा मिळेल तिथे शिरू लागली. टेम्पोतून उतरवलेले डबे भिजू लागले. रतिलाल छत्री धरून दारात आला. त्याने सगळं ऐकलं होतं. तो शांतपणे, भांडण नको अशा सुरात बोलला. "सारिका, तू खूप केलंस. पण पाऊस असा, माणसं इतकी. अजून स्थापना झालेली नाही. गाड्या आहेत, अर्ध्या तासात सगळे आमच्या घरी पोचतील. तुझं मखर पण घेऊन जाऊ."

प्रेमराज तिच्याकडे बघत होता. रतिलालचं म्हणणं चुकीचं नव्हतं. निंबाभाऊने सामान परत टेम्पोत टाकायला सांगायला तोंड उघडलंही होतं.

सारिका दारात येऊन रतिलालसमोर उभी राहिली. "नाना, एकदा सगळ्यांनी आत येऊन बसून तर पाहा. नाही मावलात, तर मी स्वतः देवीचा चौरंग डोक्यावर घेऊन पावसातून तुमच्या घरी येईन."

रतिलालने छत्री मिटली.

भिकुबाईला टेम्पोच्या पुढच्या सीटवरून दोघांनी धरून आणलं होतं. ती आता खोलीत आली. तिला कमी दिसायचं, म्हणून ती कडप्प्यापर्यंत चालत गेली. कडप्प्यावरून हात फिरवला, जरीच्या पडद्याला हात लावला, रांगोळी पुसणार नाही इतक्या जपून वाकून बघितलं. मग सुंदरबाईकडे वळली.

"आपला रोट जठे व्हतस, तठे ती नही बसाव, तर कोठे बसी?" तिने हात पुढे केले. "दे इकडे."

सुंदरबाईने नारळ सासूच्या हातात दिला.

मग माणसं आत आली. सारिकाने आधीच मनाशी धरलं होतं तसं बसवायला सुरुवात केली. म्हाताऱ्या बायका स्वयंपाकघरात देवीच्या पायाशी, त्यांच्यामागे लेकुरवाळ्या, मधल्या दारापलीकडे पुरुष, कोपऱ्यांत तरुण पोरं. पिशव्या खिशांत गेल्या. दोन्ही झोळ्यांत बाळं गेली आणि झोका लागताच एक झोपलंसुद्धा. चपला ओट्यावर खोक्यात. येणारा प्रत्येक जण दारात थबकायचा, आत अंदाज घ्यायचा आणि सारिका हाताने दाखवेल तिथे जाऊन टेकायचा. गुडघ्याला गुडघा लागत होता, पण कुणाला पाय पोटाशी घ्यावा लागला नाही. शेवटी रतिलाल आणि त्याची बायको कामिनी उरले. कामिनी उजव्या कोपऱ्यात बसली आणि एकदम म्हणाली, इथून तर देवी समोर दिसते. मग तिला तो आरसा आहे हे कळलं आणि ती इतकी हसली की बाजूच्यांना कळेना काय झालं. रतिलाल तिच्या शेजारी बसला, आरशात बघून त्याने हात जोडले.

स्थापना झाली. दिवे लागले आणि आरशांमुळे एकाचे तीन दिसू लागले. काठांच्या जरीने उजेड धरला. पावसामुळे रस्त्यावर कुणी नव्हतं, पण समोरच्या ओळीतल्या ओट्यांवर शेजारपाजारची माणसं जमली होती आणि तिथूनच, दोन दारांतून, दर्शन घेत होती. धुरपदाबाई आपल्या पायरीवरून टाळ्या वाजवत गाण्यात सूर मिळवत होती.

सुंदरबाई परसात पुरणपोळ्या करायला बसली होती. लाटताना तिला सगळं हाताशी मिळत होतं. पिठाचा डबा उजवीकडे, तूप डावीकडे, फळीवर बसायची उंची बरोबर, डोक्यावर ताडपत्री आणि तिच्या उतारावरून पाणी मोरीत जात होतं, अंगावर नाही. एकदा सारिका गंगाफळाची भाजी ढवळायला आली तेव्हा सुंदरबाईने विचारलं, हा उतार कुणी काढून दिला. सारिका म्हणाली, आम्हीच. सुंदरबाईने पोळी उलटली.

नंतर पंगती बसल्या. पहिली पंगत जेवून उठली की दुसरी बसायची, आणि कुणालाही पावसात उभं राहावं लागलं नाही. शेजारच्या ओळीतली एक नवी भाडेकरू दर्शनाला आली. तिने दारातच सुंदरबाईला विचारलं की एवढं सुंदर सजवलंय, कुणाचं घर हे. सारिका आत वाढत होती. तिला उत्तर ऐकू आलं.

"हाई मन्ही देरानीनं घर शे," सुंदरबाई म्हणाली. मग मराठीत, त्या बाईला नीट कळावं म्हणून, पुन्हा म्हणाली, "माझ्या धाकट्या जावेचं. आत या ना, जागा आहे."

सारिकाच्या हातात वरणाचं भांडं होतं. ती तशीच वाकलेली राहिली, आणि समोर बसलेल्या सुरतेच्या पुतण्याला पुरे पुरे म्हणावं लागलं.

सकाळी पाऊस थांबला होता. वाजंत्री आली. देवीला नदीवर न्यायची वेळ झाली तेव्हा चौरंग पहिल्यांदा डोक्यावर कुणी घ्यायचा, असं कुणीतरी विचारलं. दरवर्षी सुंदरबाईच घ्यायची. तिने चौरंग उचलला, दोन पावलं चालली, आणि ओट्यावर थांबून तो सारिकाच्या डोक्यावर ठेवला. घर जिचं, मान तिचा, एवढंच ती म्हणाली. सारिकाने पेटीतली पैठणी त्या सकाळी नेसली होती. गिरणीच्या भिंतीच्या कडेने, फुगड्या घालणाऱ्या बायकांमधून, ती ताठ मानेने पांझरेपर्यंत चालत गेली. ओळीतली सगळी घरं दारात उभी होती. प्रेमराज बाजूने चालत होता आणि ओळखीच्या प्रत्येक माणसाला, न विचारता, आमची कानबाई, आमच्या घरची, असं सांगत होता.

नदीवरून आल्यावर जेवणं झाली. टेम्पो संध्याकाळी निघणार होता. रतिलालने म्हटलं, दुपारी आडवं व्हायला बंगल्यावर चला, पलंग आहेत. सुरतेच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. निंबाभाऊ म्हणाला, आता कशाला, इथेच पडू जरा. आणि तो मधल्या दारात, उंबऱ्यावर डोकं ठेवून पडलासुद्धा. मग एकेक जण आडवा होत गेला. बायका स्वयंपाकघरात, रिकाम्या कडप्प्याखाली. पुरुष खोलीत, एकमेकांच्या खांद्याला पाय लावून. रतिलाल भिंतीला टेकून बसला होता, तो बसल्या बसल्याच घोरू लागला. कामिनी सुंदरबाईच्या कुशीला पडली होती. खिशांच्या चादरीतून कुणाचा तरी मोबाइल वाजला आणि थांबला, कुणी उठलं नाही.

सारिका शेवटची भांडी धुरपदाबाईकडे ठेवून परत आली आणि ओट्यावर थबकली. पाय ठेवायला फरशी दिसत नव्हती. पिवळ्या भिंतींवर दुपारचा उजेड पडला होता, छताची साडी वाऱ्याने हलत होती आणि खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्या सासरची सगळी माणसं गाढ झोपली होती. पिंपळनेरची, सुरतेची, बंगल्यातली. ती चौकट धरून उभी राहिली आणि एकेका चेहऱ्याकडे बघत गेली, अजिबात घाई न करता. प्रेमराज ओट्याच्या कडेला बसून विडा चघळत होता. त्याने तिला खुणेने विचारलं, काय बघतेस. तिने मान हलवली.

आत भिकुबाई तेवढी जागी होती. तिने डोळे किलकिले करून दाराकडे पाहिलं, सुनेला ओळखलं, अंगाखालची घोंगडी जराशी ओढून घेतली आणि भिंतीकडे सरकली. मग मोकळ्या झालेल्या हातभर जागेवर थोपटलं.

"ये, बेटा. पडी जाय."

सारिका माणसांमधून अंग चोरत, पैठणीच्या निऱ्या हातात धरून, तिथवर गेली आणि सासूच्या कुशीला आडवी झाली. परस झाडायचं राहिलं होतं, दिवाण जोडायचा होता, धुरपदाबाईचा आरसा परत करायचा होता. त्यातलं काहीच तिला आठवलं नाही. संध्याकाळी टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा बाकी सगळे उठले. तिला कुणी उठवलं नाही.